वीट आलाय!

आईचा फोन आला की मी आधी तिचा खोकला मोजते. ठरवून नाही, पण होतं तसं. "जेवलीस का?" आणि "भाडं दिलंस का?" या दोन प्रश्नांच्या मध्ये ती किती वेळा थांबली, यावरून मला कळतं की मागची भट्टी पेटलीय की नाही. त्यासाठी मोबाइलवर कुठलंही अॅप लागत नाही. तसंही त्या अॅपवर 'फलटण' टाइप केलं, तर ते मला भलत्याच शहराचा आकडा दाखवतं.

आमचं घर फलटणला. पुण्यातल्या फ्रेंड्सना हे सांगितलं की हमखास येणारा प्रश्न, "म्हणजे बारामतीजवळ ना?" हो बाबांनो, बारामतीजवळ, पण जिल्हा सातारा. सईबाईंचं माहेर, नाईक निंबाळकरांचा राजवाडा, राममंदिर, माउलींच्या पालखीचा मुक्काम. आजूबाजूला ऊस, साखर कारखाने आणि आता कमिन्सचा मोठा प्लँट. स्वारगेटहून एसटीत बसलं की जेजुरी, नीरा, लोणंद करत तीनेक तासांत घरी. मी मास कॉम करायला पुण्यात आले आणि नंतर इथेच फ्रीलान्सिंग करत राहिले. पण वीकेंडला बॅग भरून पळायची सवय काही सुटलेली नाही.

आमचं जुनं घर पेठेत होतं, भाड्याचं. दोन खोल्या आणि चौघं माणसं. पप्पा रिटायर झाले तेव्हा पीएफ, ग्रॅच्युइटी, आईच्या पाटल्या असं सगळं घालून त्यांनी गावाबाहेर एक एन.ए. प्लॉट घेतला. (कुठल्या रोडला ते सांगत नाही. पुढे वाचलंत की का ते कळेल.) प्लॉट बघायला गेलो तेव्हा मागच्या बाजूला, दोन शेतं सोडून, वीटभट्टी दिसत होती. मी विचारलंसुद्धा. एजंट म्हणाला, "दोन वर्षांत उठतीय बघा ती." एजंट लोकांच्या शब्दकोशात 'दोन वर्षं' या शब्दाचा अर्थ काय असतो ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

म्हणजे नीट बघितलं तर भट्टी आधीची आणि आम्ही नंतरचे. हे लक्षात ठेवा, कारण पुढे प्रत्येक भांडणात हे वाक्य येणार आहे.

आणि अजून एक गोष्ट. आमचं घर त्याच भट्टीच्या विटांचं आहे. बांधकाम स्लॅबपर्यंत आलं आणि पप्पांचे पैसे संपले. भट्टीच्या मालकांनी वरच्या मजल्याच्या विटा उधारीवर दिल्या. कागद नाही, व्याज नाही. "सर, होतील तसं द्या." ट्रॉलीचं भाडंही घेतलं नाही, घर इतकं जवळ! पप्पांनी ते पैसे फेडायला दीड वर्ष घेतलं. मालकांनी एकदाही आठवण केली नाही.

पहिले दोन हिवाळे आम्हाला काही वाटलं नाही. सकाळी गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी पूड असायची, ती आई झटकायची. पाण्याच्या टाकीवर झाकण बसवलं. खिडक्या संध्याकाळी पाचला बंद. माणूस कसा अॅडजस्ट होतो बघा. मग आईला दिवाळीनंतर खोकला सुरू व्हायला लागला आणि तो थेट वळवाचा पाऊस पडल्यावर थांबायचा. तिसऱ्या वर्षी डॉक्टरांनी पंप दिला. इन्हेलर म्हटलं की आईला काहीतरी मोठा आजार वाटतो, म्हणून आमच्याकडे तो 'पंप'च. डॉक्टरांनी छाती तपासली, घर कुठे आहे ते विचारलं आणि एकच म्हणाले, "सीझनमध्ये लेकीकडं जाऊन राहा की पुण्याला."

आई आली पण! वीस दिवस राहिली. माझ्या वन बीएचकेच्या समोर एका टॉवरचं काम चालू होतं आणि त्यापलीकडे आरएमसी प्लँट. तुम्ही पुण्याच्या नव्या एरियात राहत असाल तर तुम्हाला माहीत आहे, रात्री अकराला मिक्सरचे ट्रक सुरू होतात आणि सकाळी बाल्कनीतल्या मनी प्लँटवर राखाडी थर. आईने बोट फिरवून बघितलं आणि म्हणाली, "हितं पांढरी हाय व्हय? आमच्याकडं काळी." आणि एकविसाव्या दिवशी एसटीत बसली.

आता गंमत ऐका. २०२३चा ऑक्टोबर. मुंबईची हवा इतकी बिघडली की मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. २५ ऑक्टोबरला महापालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढली. ७० मीटरपेक्षा उंच इमारत असेल तर कामाभोवती ३५ फूट उंच पत्रे लावा, हिरवं कापड किंवा ताडपत्री टाका, पाणी मारा, बाहेर पडणाऱ्या ट्रकची चाकं धुवा, वगैरे. मला एका वेबसाइटसाठी त्यावर स्टोरी करायची होती. मी लॅपटॉपवर 'धुळीचे कण' आणि 'पीएम २.५' असं धडाधड टाइप करत होते आणि कानाला लावलेल्या फोनवर आई खोकत होती. भारतात पीएम २.५ची वर्षाची सरासरी मर्यादा ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती ५ वर आणली. हे मी बॉक्समध्ये टाकलं, छान ग्राफिकसुद्धा झालं. स्टोरी फाइल केली आणि मग पहिल्यांदा डोक्यात आलं, की अगं, तुझ्या घरामागे काय चाललंय त्याचं काय?

तेव्हा मी भट्टी पहिल्यांदा नीट समजून घेतली. इतकी वर्षं तिच्याकडे बघत होते, पण कळत काहीच नव्हतं. उत्तरेकडे विटांच्या भट्ट्यांना उंच चिमणी असते, फोटोत असते तशी. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी चिमणीच नसते. कच्च्या विटांचा मोठा ढीग रचायचा, खाली आणि थरांमध्ये कोळसा, बगॅस, भाताचं तूस घालायचं, बाहेरून माती लिंपायची आणि पेटवून द्यायचं. आत हजार अंशांच्या आसपास तापमान जातं. ढीग कित्येक दिवस धुमसत राहतो. चिमणी नाही म्हणजे धूर वर जात नाही. तो ढिगाच्या अंगातूनच, माणसाच्या नाकाच्या उंचीवर बाहेर पडतो. कोळशात गंधक असतं, त्याचा सल्फर डायऑक्साइड होतो. इंधन अर्धवट जळलं की कार्बन मोनॉक्साइड आणि काजळी. माती तापली की तिच्यातला फ्लोरिनही थोडा बाहेर येतो.

आणि सीझन कधी? पावसाळा संपला की, म्हणजे दिवाळी ते मे. नेमका हिवाळा, जेव्हा रात्री जमीन लवकर गार होते. खाली गार हवा, वर तिच्यापेक्षा उबदार हवेचं झाकण. धूर त्या झाकणाखाली अडकतो आणि शेतांवर पसरून राहतो. मी एका मैत्रिणीकडून हवा मोजायचं छोटं मशीन आणलं होतं. दुपारी चार वाजता स्क्रीन हिरवी. पहाटे पाचला, आई दूध तापवायला उठते तेव्हा, लालभडक. दुपारच्या उन्हात मस्त झोके घेत गप्पा मारणाऱ्या माणसाला यातलं काहीही दिसणार नाही. पाहुणे तर दुपारीच येतात ना!

कायदा आहे का? आहे की. केंद्र सरकारने २२ फेब्रुवारी २०२२ला वीटभट्ट्यांसाठी नवीन अधिसूचना काढली. नवी भट्टी काढायची तर झिगझॅग किंवा व्हर्टिकल शाफ्ट पद्धतीची, नाहीतर पाइप गॅसवरची. वस्तीपासून आणि फळबागांपासून किमान ८०० मीटर लांब. दोन भट्ट्यांमध्ये एक किलोमीटर अंतर. टायर, प्लॅस्टिक, पेट कोक जाळायचं नाही. जुन्या भट्ट्यांनाही बदलायला मुदत होती. हवा खराब असलेल्या शहरांच्या यादीत सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुणे सगळे आहेत. त्यांच्या १० किलोमीटरच्या आत असाल तर एक वर्ष, बाकीच्यांना दोन. फलटण 'बाकीच्यां'मध्ये.

फळबागांचं वाचून मी थबकले. का माहितीये? आमच्या दारात एक आंबा आहे. पप्पांनी लावलेला, केशर. त्याच्या कैऱ्यांची खालची टोकं काळी पडतात आणि मग तिथून सडतात. आम्ही दोन वर्षं वेगवेगळी औषधं मारली. आंब्याच्या या रोगाचं नाव 'ब्लॅक टिप', आणि तो बुरशीने नाही, वीटभट्टीच्या धुराने होतो. शेतीची पुस्तकं हे कितीतरी वर्षांपासून सांगतायत. म्हणजे आंब्याचं निदान आधीच झालेलं आहे. आईच्या खोकल्याला मात्र 'वयोमानानुसार'.

मग मी अर्ज लिहिला. मला लिहायला येतं, एवढंच काय ते माझं भांडवल. दोन पानी, मुद्देसूद, अधिसूचनेची तारीख, डॉक्टरांच्या कागदाची झेरॉक्स. कॉलनीतल्या नऊ घरांपैकी सहा घरांनी सह्या केल्या. सातवी सही पप्पांची. त्यांनी चष्मा लावला, दोन्ही पानं वाचली, एक शुद्धलेखनाची चूक काढली (मास्तर!) आणि कागद परत दिला.

"मी सही करणार नाही."

"पप्पा, आईसाठी आहे हे."

"कळतंय मला. पण त्याच्या विटांत राहतोय आपण. पैसे नव्हते तेव्हा त्यानं माल टाकला दारात. आता त्याच्याच विरोधात अर्ज द्यायचा? कुठल्या तोंडानं?"

मी खूप बोलले. उपकार वेगळे, हक्क वेगळे, असं बरंच काही. मास कॉममध्ये 'कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट'वर आम्हाला अख्खं लेक्चर होतं, पण त्यात उधारीच्या विटांचं उदाहरण नव्हतं. आई स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. ती काही बोलली नाही. आज्जी मात्र मध्येच म्हणाली, "इठोबा पण विटंवरच हुबा राह्यलाय की गं." आमच्या आज्जीला कुठल्याही वादात इठोबा आणायची सवय आहे. कुणाच्या बाजूने बोलली ते कुणालाच कळलं नाही.

अर्ज सहा सह्यांनिशी एका सरकारी कार्यालयात दिला. त्यांनी मला दुसऱ्या कार्यालयात पाठवलं. तिथल्या साहेबांनी चहा पाजला आणि विचारलं, "मॅडम, भट्टी आधीची का घरं आधीची?" बघा, आलं की नाही ते वाक्य! मी म्हटलं, फुप्फुसांना हे कसं समजावून सांगायचं? ते हसले. पोच मात्र दिली. माझ्याकडे ती अजून आहे, लॅमिनेट करावी म्हणतेय.

पोच घेऊन परत येताना मी सरळ भट्टीवर गेले. पत्रकार म्हणून नाही, शेजारीण म्हणून. मालक नव्हते. एक बाई साच्यातून विटा काढत होती. माझ्याच वयाची असेल, फार तर. विजापूरकडची. नवरा चिखल करून देतो, ही थापते. पहाटे दोनला उठायचं, ऊन चढेपर्यंत हजारेक विटा. दिवाळीआधी उचल घेतलेली, ती सीझनभर फेडायची. राहायला कच्च्या विटांची खोपटी, वर सिमेंटचा पत्रा, ढिगापासून हाकेच्या अंतरावर. आमचं घर दोन शेतं लांब, हिचं पंचवीस पावलांवर. मुलगा चार वर्षांचा, नाक वाहतंय, खोकतोय. ८०० मीटरचा नियम मोजताना टेपचं दुसरं टोक या खोपटीला कुणी लावत असेल का?

तिने माझ्या हातातल्या फाइलकडे बघितलं. "ताई, भट्टी बंद पाडाया आलाय का?"

मी नाही म्हणाले. खोटं बोलले की खरं, ते मला अजूनही नक्की सांगता येत नाही. "मग बरं," ती म्हणाली. "उचल फिटली न्हाई अजून." वसई भागात विधायक संसदेने वीटभट्टीवरच्या मुलांसाठी भोंगाशाळा चालवल्या, त्यावर मी कॉलेजात प्रोजेक्ट केलं होतं. प्रोजेक्टला 'ए' ग्रेड होती. घरामागच्या मुलाचं नाव मात्र मी त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं.

त्यानंतर मी जरा जास्तच वाचत सुटले. इटलीत कासाले मोनफेर्रातो नावाचं गाव आहे, आपल्या फलटणसारखंच, फार मोठं नाही. तिथे १९०७ ते १९८६ अॅस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे आणि पाइप बनवायचा कारखाना होता. कामगार तर आजारी पडलेच, पण कारखान्याचं गेटसुद्धा न ओलांडलेली माणसं छातीच्या पडद्याच्या कॅन्सरने गेली. कुणी कामगारांचे कपडे धुतले होते, कुणी फक्त त्या गावात राहत होतं. २०१२ मध्ये कोर्टाने मालकांना दोषी धरलं आणि २०१४ मध्ये वरच्या कोर्टाने मुदत उलटली म्हणून ती शिक्षा रद्द केली. धुरापेक्षा अॅस्बेस्टॉस कितीतरी भयंकर, तुलना करत नाहीये. पण 'मी तिथे काम करत नाही, मला काय होणार' हे वाक्य आमच्या कॉलनीतही मी ऐकलंय.

बांगलादेशची बातमी जरा बरी. खुलनाकडच्या २७६ झिगझॅग भट्ट्यांवर संशोधकांनी प्रयोग केला, २०२५ मध्ये तो 'सायन्स'मध्ये छापून आला. मालकांना दंड नाही, धमकी नाही. विटा कशा रचायच्या आणि कोळसा एकदम ओतण्याऐवजी थोडा थोडा कसा टाकायचा, एवढंच शिकवलं. जवळजवळ ६५ टक्के भट्ट्यांनी ते ऐकलं, कारण कोळसा वाचला, म्हणजे पैसे वाचले. धूर कमी झाला तो फुकटात.

लांब कशाला जा, आमच्या फलटणातच निंबकर कृषी संशोधन संस्था आहे, १९६८ पासून. तिथले अनिल राजवंशी १९८१ मध्ये अमेरिका सोडून आले, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी १९९०च्या दशकातच उसाचं पाचट आणि बगॅस यांच्यापासून गॅस तयार करून औद्योगिक भट्टी तापवायचं यंत्र करून दाखवलं होतं. तोच बगॅस, जो आमच्या मागे विटांच्या ढिगात धुमसतो! हे मी पप्पांना सांगितलं तर म्हणाले, "मग मालकाला सांग की." आणि मला वाटतं तेच पहिल्यांदा बरोबर होतं.

सांगायला मी नाही, आई गेली. डब्यात बेसनाचे लाडू घेऊन, कारण दिवाळी नुकतीच झाली होती. मालकांना काय म्हणाली ते तिने पूर्ण कधीच सांगितलं नाही. एवढंच कळलं, की तिने पर्समधून पंप काढून त्यांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "ह्यो महिन्याला एक लागतो." त्या वर्षी कॉलनीच्या बाजूचा ढीग त्यांनी लावला नाही, पलीकडच्या टोकाला लावला. तूस, बगॅस सोडून काही जाळणार नाही असंही म्हणाले. झिगझॅगचं विचारलं तर स्पष्ट म्हणाले, "वहिनी, तेवढा पैसा असता तर विटा कशाला भाजल्या असत्या?" आईचा खोकला थांबला नाही. थोडा कमी झाला. रात्री झोप लागायला लागली, तेही काही कमी नाही.

फेब्रुवारी २०२४ आला आणि गेला. भट्टी होती तिथेच. आणि या वर्षी दिवाळीला गेले तर कच्च्या विटांच्या जागी भलामोठा फ्लेक्स. 'एन.ए. बंगलो प्लॉट. निसर्गाच्या सान्निध्यात.' मी तो फोटो काढून आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर टाकला, लोक अजून हसतायत. पालखी महामार्गाचं काम झालं, पुण्याची रेल्वे आली, जमिनीला भाव आला. विटा भाजण्यापेक्षा माती विकणं परवडतं. कुठलाही अर्ज, कुठलीही अधिसूचना जे करू शकली नाही ते प्लॉटिंगने करून टाकलं. एजंटची 'दोन वर्षं' पूर्ण झाली म्हणायची.

मालक घरी आले होते, पेढे घेऊन. भट्टी कालव्याच्या पलीकडे नेतोय म्हणाले. आईने लगेच विचारलं, "तिथं कोण राहतं?" दहा-बारा घरांची वस्ती आहे, एक डाळिंबाची बाग आहे. पप्पा गप्प बसले होते. मालक उठताना म्हणाले, "सर, शेवटची भट्टी निघतीय. कंपाउंड बाकी आहे ना तुमचं? टाकू का ट्रॉली? पैशाचं बघू नंतर."

पप्पांनी आईकडे बघितलं.

"टाका," आई म्हणाली. "पण या वेळी रोख घ्या."